एकाहत्तर जाळ्यांची धनीण

कासव मेलेलं असतं तर वैजूला इतका राग आला नसता. मेलेली कासवं तिने सहा वर्षांत पोटभर पाहिली होती. हे जिवंत होतं. काळ्या खडपात, म्हणजे पाण्याखालच्या कातळात, अडकलेल्या जाळ्याचे बोये अजून तरंगत होते, म्हणून त्याला मधूनमधून वर येऊन श्वास तेवढा घेता येत होता. बाकी सगळं अंग नायलॉनने आवळलेलं. पुढचा डावा पर हाडापर्यंत कापत गेला होता. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. वैजू सुरी घेऊन जवळ गेली, तर ते तिच्यापासूनच पळायची धडपड करू लागलं.

त्याच जाळ्याच्या खालच्या भागात दोन गोबरे मासे सडत होते, शेवंडांची नुसती कवचं उरली होती, आणि लाटांबरोबर मागे-पुढे होऊन जाळ्याने प्रवाळाचा एक अख्खा कट्टा किसून काढला होता. बेवारस जाळं हे असं असतं. टाकणारा घरी जाऊन जेवतो, झोपतो, त्याच्या पोरांची लग्नं होतात, आणि जाळं मात्र इकडे इमानाने मासे मारत बसतं. कुणासाठी? कुणासाठीच नाही.

वैजूने कासव सोडवलं, जाळ्याला हवेच्या पिशव्या बांधल्या आणि कासवाला घेऊन ती वर आली. होडीवर आंतोन फर्नांडिस वाट बघत होता. पाणखोल बंदरातले हे दोघं आणि आणखी चार जण मिळून ‘खडपराखे’. पर्यटनाच्या दिवसांत वैजू पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवायची. सुट्टीच्या दिवशी त्याच तळाची घाण उपसायची. घाण उपसण्याचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं.

“पर काढूक लागतलो,” आंतोन कासवाकडे बघून म्हणाला. “मराचा नाय तसा.”

“ता मराचा नाय. ज्यानं ह्या टाकल्यान तेचा काय?” वैजू धापा टाकत म्हणाली. “आंतोन, माका नाव व्हया. एकदा, फक्त एकदा माका तेचा नाव कळूक व्हया.”

आंतोन दोर गुंडाळत राहिला. आणि नाव कळायची सोय तर आता झालीच होती, ती करण्यात वैजूचाच हात होता. सन दोन हजार एकेचाळीसचा जानेवारी महिना होता. महिनाभरात बंदरावर ते यंत्र येणार होतं.

नायलॉनची एक खोड आहे. त्याला दिलेली ओढ ते विसरत नाही. धागा ताणला की त्यातले लांबलचक रेणू एका दिशेने रांगेत बसतात, आणि त्याच वेळी गाठ आवळून बसली की ती रांग तशीच अडकून राहते. वर्षानुवर्षं, खाऱ्या पाण्यातसुद्धा. अशा गाठीतून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश सोडला आणि पलीकडून तशाच काचेतून पाहिलं, की गाठीच्या पोटात रंगांचे पट्टे दिसतात. ओढ जास्त तिथे पट्टे दाट, ओढ कमी तिथे विरळ. बाजारातून आणलेल्या जाळ्याच्या गाठी कारखान्यात पडतात, त्या सगळ्या सारख्या. पण जाळं फाटतं, आणि फाटलं की ते माणूस हाताने तुणतो, गाठी मारून सांधतो. कुणी अंगठ्याखाली दाबून ओढतो, कुणी शेवटचा हिसका दोनदा देतो, कुणी धागा दातात धरतो. पट्ट्यांवरून हात कळतो, जसं अक्षरावरून माणूस कळावा.

पुण्याच्या डॉक्टर मेधाविनी सहस्रबुद्धे यांनी एवढ्यावरून यंत्र बांधलं. सरकारी कागदात त्याचं नाव ‘ग्रंथिवेध’. बंदरावर सगळे गाठमशीन म्हणत. दोन माणसांनी उचलावी एवढी पेटी. एका बाजूने जाळं आत जातं, पाण्याच्या सूक्ष्म कंपनांनी त्यावरचं शेवाळ आणि शिंपले झडतात, आणि पडद्यावर नाव उमटतं. बेवारस जाळ्याचा धनी कळला की पुढची शिक्षा नियमाने ठरलेली: तीनपेक्षा जास्त जाळी सापडली तर दोन वर्षं बंदरबंदी. बोटीवर पाय नाही, लिलावात उभं राहणं नाही, जेटीवर फिरकणं नाही.

यंत्राला पाणखोलचे हात शिकवले ते वैजूने. बंदरात जाळी तुणणाऱ्या चौदा जणी होत्या. वैजू दोन महिने प्रत्येकीकडे जाऊन बसली, त्यांच्या गाठींचे नमुने घेतले, नावं लिहिली. पहिला नमुना तिच्या आईचा, शेवंतीचा. बंदरात तिच्यासारखा हात नव्हता. नवं जाळं कुठलं आणि शेवंतीने तुणलेलं कुठलं, हे धन्यालाही डोळे बारीक करून बघावं लागायचं.

तेव्हा डॉक्टरबाईंनी फोनवर एक प्रश्न विचारला होता. “यंत्राला एकच नाव लागतं. जाळं तुणणारा आणि जाळ्याचा मालक एकच असतो ना तुमच्याकडे?”

“हो,” वैजू म्हणाली होती. “ज्याचं जाळं, त्याच्या घरीच तुणतात. रिवाजच आहे.”

ते खोटं होतं, आणि वैजूला ते खोटं वाटलंसुद्धा नव्हतं. पाणखोलात जाळं परक्याकडे तुणायला टाकणं कमीपणाचं समजतात. आपल्या घरात सुई धरणारं कुणी नाही असं जगाला सांगितल्यासारखं होतं ते. म्हणून जाळी शेवंतीच्या अंगणात गोणपाटाखाली झाकून यायची आणि झाकूनच परत जायची. कुणी विचारलं की प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा, घरीच तुणलंय. शेवंतीने चाळीस वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलायचं नाही, अशी ही गोष्ट. परक्या बाईने विचारल्यावर वैजूच्या तोंडातून आपसूक तेच उत्तर गेलं, जे पाणखोलचं कुठलंही माणूस देतं, आणि नमुन्यांच्या कागदावर तेच तिच्या सहीने गेलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जेटीवर मांडव घातला. खडपराख्यांनी दोन वर्षांत काढलेली एकशे नऊ जाळी ओळीने रचून ठेवली होती. पहिल्या रांगेत मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष दिगंबर खवणे, म्हणजे दिगूशेट, मांडीवर हात ठेवून बसले होते. नव्या गोदीत त्यांच्या चार पर्ससीन बोटी उभ्या असत; मासळीचा अख्खा थवा एका वेढ्यात उचलणाऱ्या. शेजारी परवाना कचेरीचे अधिकारी कोरगावकर. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं आणि पहिलं जाळं आत गेलं. कासवाचंच होतं ते. वैजूने मुद्दाम पहिलं लावलं होतं.

पडद्यावर नाव आलं: शेवंती मेथर.

मांडवात आधी कुणी हसलंसुद्धा नाही. दुसरं जाळं. शेवंती मेथर. तिसरं, इतर कुणीतरी. चौथं, पाचवं, सहावं: शेवंती मेथर. विसाव्या नावानंतर मागच्या पोरासोरांनी ते नाव यंत्राच्या आधी ओरडायला सुरुवात केली. दिगूशेट रुमालाने तोंड पुसत होते. हसू पुसत होते, दुसरं काय. एकशे नऊपैकी एकोणतीस जाळ्यांवर हाताची गाठच सापडली नाही, नऊ जाळी इतर चौघींच्या नावावर दोनदोन-तीनतीन अशी वाटली गेली, आणि उरलेली एकाहत्तर शेवंती मेथरची.

जिच्या नावावर आयुष्यात एक होडी झाली नाही, ती बाई एकाहत्तर जाळ्यांची धनीण ठरली. ती तिथेच होती, मांडवाच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन. लेकीचा मोठा दिवस म्हणून आली होती. वैजू उठून ओरडली की ही गाठ तुणणारीची आहे, मालकाची नाही. कोरगावकरांनी हात वर केला.

“तुम्हीच लिहून दिलंय मॅडम, तुणणारा तोच मालक. तुमच्या सहीचा कागद आहे आमच्याकडे. नियमाला मी काय करू?”

“आणि ही एकाहत्तर जाळी माझ्या आईने कुठल्या बोटीतून टाकली?”

“ते यंत्र सांगत नाही,” कोरगावकर म्हणाले. त्यांच्या आवाजात जरासुद्धा लाज नव्हती.

घरी आल्यावर वैजूने पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. “आये, ता पयला जाळा कोणाचा? कासवाचा. तुका म्हायत आसा. पडद्यार इला तेवा तू दिगूशेटाकडे बघलंस.”

“मी खयय बघूक नाय.”

“सगळी तुका म्हायत आसत! तू तुणलेला एक जाळा तू कधी इसारलंस? दिगूशेटाक वर्साक नवी जाळी मेळतत सरकारी योजनेत, म्हणान जुनी दर्यात फेकता तो. तू तुणलेली. आणि नाव तुझा लागला!”

“लोक माज्याकडे झाकून आणतत,” शेवंती म्हणाली. “मी उघडा करूचंय नाय.”

“अगो, पण तुका बंदरार जाऊक मेळाचा नाय दोन वर्सां! तुजो जन्म थय गेलो!”

मग शेवंती रागावली. ती रागावायची नाही सहसा. त्यामुळे वैजूला आधी कळलंच नाही की हा राग आहे. ती हळू बोलत होती.

“तीस वर्सां वाट बघलंय मी. माजा चेडू कधी माज्या शेजारी बसात, सुई हातात घेयत. तुका जाळ्यांची शिसारी. बरां, नको तर नको. आणि मगे एक दिवस तू आपणहून इलंस. ‘आये, माका गाठ दाखय’ म्हणालंस. मी कितक्या दाखवलंय तुका? हळू दाखवलंय, परत परत दाखवलंय. रात्री माका निज नाय लागली इतक्या बरा वाटला. आणि तू काय करूक इल्लंस? माजो हात घेऊन जाऊक?”

वैजूने तेव्हा मनगटाला कॅमेरा लावला होता, आणि गाठी मोजत होती. आईचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. स्वतःचा इतका संताप तिला याआधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईंना गाठायला विश्रामगृहावर गेली. बाई चहा पीत होत्या. वाईट नव्हत्या त्या. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं.

“यंत्र चुकलेलं नाही वैजयंती. गाठ तुझ्या आईचीच आहे.”

“मग मालकाचा रकाना वाढवा.”

“ते राज्य समितीच्या हातात. दीड वर्ष तरी लागेल. मी विज्ञान दिलं, नियम मी केलेले नाहीत.”

“एकोणतीस जाळ्यांवर गाठ नाही मिळाली. का नाही मिळाली?”

“कारण ती कधी तुणलीच नव्हती. नवी कोरी, फाटली की टाकलेली.”

“म्हणजे बघा,” वैजू म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. “ज्याला जाळं फेकायचंच असतं तो ते तुणत बसत नाही. त्याचं नाव तुमच्या यंत्राला कधीच दिसणार नाही. दिसणार कोण? जी बसून, मान मोडून, जुनं जाळं अजून चार वर्षं चालावं म्हणून गाठी मारते ती! समुद्रात कचरा होऊ नये म्हणून जी मरमर मरते, नेमकी तीच तुमच्या पडद्यावर चोर! हे तुमच्या लक्षात कसं नाही आलं, बाई? मी अडाणी, मी चुकीचं सांगितलं. तुम्ही तर शिकलेल्या ना?”

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. “माझ्या लक्षात यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मी समितीला लिहीन.” आणि त्यांनी खरंच लिहिलंही, पण कागदाच्या वाटेत दीड वर्ष उभं होतं आणि शेवंतीच्या वाटेत आठ दिवस.

नोटीस गुरुवारी आली. वैजूने ती आईला ओट्यावर बसून वाचून दाखवली. एकाहत्तर जाळ्यांच्या मालक श्रीमती शेवंती मेथर यांना सोमवारी सकाळी दहापासून दोन वर्षं पाणखोल बंदराच्या हद्दीत प्रवेश नाही. जेटीवर ठेवलेली आपली जाळी त्यांनी रविवार संध्याकाळपर्यंत तिथून उचलावीत. मालकाची ओळख पटलेलं जाळं मालकाखेरीज कुणीही कापू, सोडू वा हलवू नये. तसं करणाऱ्या बोटीचा परवाना बंदरावरच्या कॅमेऱ्यांच्या नोंदीवरून आपोआप स्थगित होईल. हे शेवटचं कलम खडपराख्यांनीच भांडून घालून घेतलं होतं, कारण लोक पुरावा मिटवायला जाळी कापून टाकत.

“परत वाच,” शेवंती म्हणाली.

“सगळा?”

“शेवटचा.”

वैजूने वाचलं. शेवंतीने नोटीस हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का कुठे आहे हे ती बोटाने चाचपत होती.

“जाळी माजी, असा लिवलेला आसा ना हयसर? शिक्क्यासकट?”

“हां.”

“उचलून खय नेवक व्हयी, ता लिवलेला आसा?”

“नाय. जेटीवरसून उचला, इतक्याच.”

“मगे उचलूया,” शेवंती म्हणाली. “नव्या गोदीचा तोंड कितक्या रुंद आसा गो?”

वैजूला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ती घाबरली. नव्या गोदीत पर्ससीन बोटी उभ्या राहत, दिगूशेटच्या चार आणि इतरांच्या सात. छोट्या होड्या वाळूवर ओढलेल्या असत, त्यांची वाट वेगळी. गोदीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना धक्क्यावर बोटी बांधायची लोखंडी कडी होती. वैजूची खडपराख्यांमधली नोंदणी जाणार होती, ते उघड होतं. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. तिने शपथ घेतली होती की तिच्या हाताने एकही जाळं पाण्यात जाणार नाही.

“एक मासो जरी अडाकलो तरी मी ता कापतलंय,” ती आईला म्हणाली. “नियम गेलो खड्ड्यात.”

“मगे वर बांध,” शेवंती म्हणाली. “भरतीच्या पाण्याचा तू बघ. गाठींचा मी बघतंय.”

रविवारी सकाळी त्या जेटीवर गेल्या. वैजूने भरतीचं कोष्टक काढलं, धक्क्यावर खडूने रेघ मारली आणि रेघेच्या वर दोन हात सोडून जाळ्याची खालची कड धरायची ठरवली. शेवंती धक्क्यावर मांडी घालून बसली. एका जाळ्याची कड दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. तासाभराने गोणपाट झाकून जाळी देणाऱ्या घरांमधून हळूहळू बायका आल्या. बाकीच्या तेरा तुणणाऱ्या जणीही आल्या, पण शेवंतीने त्यांना सुया धरू दिल्या नाहीत.

“नाव तुमचा लागात,” ती म्हणाली. “तुमी फक्त धरून रवा. गाठ मीच मारतलंय.”

लोक जमले. कुणी हसत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. दिगूशेटचा मुकादम येऊन बघून गेला आणि त्याने काही मनावर घेतलं नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, एवढंच तो म्हणाला. पर्ससीनवाल्यांना रविवारी सुट्टी असे. बोटी सोमवारी पहाटे निघायच्या.

दुपारी आंतोन आला. ढिगातलं एक जाळं उचलून शेवंतीसमोर ठेवताना त्याचे हात थांबले. हिरव्या दोराची कड होती त्याला.

“ह्या माजा,” तो वैजूला म्हणाला.

“काय?”

“सहा वर्सां झाली. वादळात इंजिन बंद पडला, जाळा ओढूक मेळाना. होडी उलाटली असती. मी कापून सोडलंय. कोणाक बोलाक नाय. तेवापासून तुज्यावांगडा येतंय.”

वैजूच्या मनात आलं, याला इथल्या इथे धक्क्यावरून खाली ढकलावं. सहा वर्षं हा माणूस तिच्याशेजारी बसला, तिच्याबरोबर त्या अनोळखी माणसाला शिव्या घालत राहिला, आणि दोर गुंडाळत राहिला. तिने त्याला ऐकवलं, जमलेल्या सगळ्यांसमोर ऐकवलं, आणि आंतोनने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “उद्या कचेरीत जाऊन सांगतंय. माजा नाव लिवा म्हणान.”

“आजच जा,” वैजू म्हणाली. “रविवार आसा तर सायबाच्या घराकडे जा.” आणि तो गेला. लेखी देऊन, पोच घेऊन परत आला, आणि गुमान दुसऱ्या बाजूचा दोर धरून उभा राहिला. कोरगावकर त्याला म्हणाले होते म्हणे, रकानाच नाही तर लिहू कुठे?

उन्हं उतरायच्या आत एकाहत्तर जाळ्यांचं एक जाळं झालं. गोदीच्या या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत, पाण्यापासून दोन हात वर ते माणसाच्या डोक्याच्याही वर. शेवंतीच्या बोटांची सालटं निघाली होती. वैजूने तिला पाणी पाजलं आणि घरी नेलं.

सोमवारी सकाळी साडेदहाला अंगणात गाडी थांबली. आधी कोरगावकर उतरले, मागून दिगूशेट. पहाटेपासून अकरा बोटी गोदीत खोळंबल्या होत्या. एका बोटीच्या तांडेलाने कोयता काढून जाळ्याला लावला, तेव्हा खांबावरच्या कॅमेऱ्याने भोंगा दिला आणि पडद्यावर बोटीचा नंबर आला; त्याने कोयता टाकला. बांगड्याचे थवे बाहेर होते, आणि इकडे खलाशी धक्क्यावर विड्या फुंकत बसले होते.

“वयनी, ह्या काय बरोबर नाय,” दिगूशेट म्हणाले. “आपली इतक्या वर्सांची घरोब्याची माणसां आमी.”

शेवंती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. वैजू दारात उभी होती. बोलायचं नाही असं तिने कबूल केलं होतं आणि दात आवळून ते पाळत होती.

“मेथरबाई,” कोरगावकर म्हणाले, “जाळं तुमचं आहे. तुम्हालाच सोडावं लागेल.”

“माका बंदरबंदी आसा सायबा. दहा वाजान गेले.”

“मी एका तासाची तोंडी परवानगी देतो.”

“तोंडी नको. तोंडी बोलण्याचा तुमच्याकडे काय चलणा नाय, ता माका मांडवात कळला.”

कोरगावकरांनी घाम पुसला. “लेखी परवानगीची सोयच नाही नियमात. बंदी उठवायची तर एकच वाट आहे. ही जाळी तुमची नाहीत, असा शेरा मला मारावा लागेल.”

“मारा.”

“मग कोणाची लिहू? मालक कोरा ठेवता येत नाही. आंतोन फर्नांडिसचं एक पत्र आलंय, ते जोडतो. बाकी सत्तर?”

शेवंतीने तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. मग तिने प्रथमच मान वर केली आणि दिगूशेटकडे पाहिलं. चाळीस वर्षांत गोणपाटाखाली काय काय आलं ते सगळं त्या पाहण्यात होतं, आणि ते दिगूशेटला कळलं.

“मी कोणाचा नाव कधी घेवक नाय, आताय घेऊचंय नाय,” ती म्हणाली. “ज्येची आसत, तेनी आपल्या तोंडान सांगूचा.”

“अध्यक्षसाहेब?” कोरगावकर म्हणाले.

दिगूशेट चपलेच्या टोकाने अंगणातली माती उकरत राहिले. गाडीत कुणाचा तरी फोन वाजत होता, तो थांबला, पुन्हा वाजायला लागला. वैजूच्या डोळ्यांसमोर ते कासव होतं, तीन परांनी पोहणारं. बोल, ती मनात म्हणत होती, बोल मेल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार, एकदा बोल. दिगूशेटनी खाकरून घसा साफ केला, कोरगावकरांकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहायचं टाळलं, आणि काही न बोलता ते गाडीकडे वळले.

“बरां तर,” शेवंती म्हणाली. तिने सूप मांडीवर ओढून घेतलं. “मगे जाळी माजीच. दोन वर्सांनी सोडूक येतंय.”